कुशाबाई पोरं धरायची

आमच्या घोडेगावच्या हाडांच्या दवाखान्यात मी प्लास्टर घालतो. नाव गोरख. मोडलेलं हाड डॉक्टर बसवतात, ते बसलेलं राहावं एवढंच माझं काम. लोक मात्र बाहेर जाऊन सांगतात, "गोरखनं बसवलं." मी ते खोडून काढत नाही. फुकट मिळालेलं कौतुक परत करण्याएवढा मी संत नाही.

पण ही गोष्ट कुशाबाईची आहे. कुशाबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातली मावशी. झाडलोट, चादरी बदलणं, चहा करणं ही तिची नेमून दिलेली कामं. तिचं खरं काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. ती पोरं धरायची.

ज्यानं लहान पोराचा एक्सरे कधी काढून घेतला नाही, त्याला हे पटायचं नाही. पोराचा हात मोडलेला, ठणका लागलेला, खोली अंधारी, डोक्यावर हे एवढं मोठं मशीन, आणि आपण म्हणतो, बाळा हलू नको. ते कशाला ऐकतंय? ते लाथा झाडतं, आई रडते, बाप ओरडतो आणि एक्सरेत हाडाच्या जागी नुसतं धुकं येतं. मग पुन्हा काढा. अशा वेळी कुणीतरी हाक मारायचं, "कुशामावशीला बोलवा!" आणि कुशाबाई हातातलं फडकं खांद्यावर टाकून निघायची.

तिचं माहेर पिंपरी पेंढारचं, मेंढपाळाचं घर. लहानपण मेंढरांमागं गेलं. आज ह्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. लोकर कातरायच्या दिवसांत मेंढरू धरायचं काम तिच्याकडं असे. तिच्या बापाची त्यात एक रीत होती. मेंढराचे पाय बांधायचे नाहीत, त्याला आडवं पाडायचं नाही. बुडावर बसवायचं, पाठ आपल्या पोटाला टेकवायची आणि हनुवटीखाली तळहात द्यायचा. मग ते पाय सोडून गप बसतं. कुशाबाई पोरांनाही तसंच धरायची. पाठ पोटाला, हनुवटीखाली हात, आणि तोंडानं बारीक "हुर्र, हुर्र". पोर एक हुंदका द्यायचं आणि शांत व्हायचं. मी दारातून कैक वेळा पाहिलंय, आणि दर वेळी मला त्या पोराचा हेवा वाटलाय.

तिची कीर्ती पार डोंगरातल्या गावांपर्यंत गेली होती. एसटीतून उतरलेली माणसं डॉक्टर आहेत का हे विचारायच्या आधी विचारायची, "ती धरनारी बाई हाय का आज?" कुशाबाई पदर सारखा करत म्हणायची, "डाक्टर हाड बसवत्यात, पोर मी बसवती." अभिमान होता तिला, आणि का नसावा? आमच्यापैकी कुणाचं नाव घेऊन माणसं एसटीतून उतरत होती?

तेव्हा एक्सरेवर जानकू होता. माणूस लोण्यासारखा मऊ, पण कामात ढिला. किरणांपासून वाचवणारा शिशाचा एप्रन होता त्याच्याकडं, पण तो त्याची घडी घालून स्टुलावर ठेवायचा आणि वर बसायचा. "लई जड हाय राव, अंगात घालून काय कुस्ती खेळायची का?" म्हणायचा. पावसाळ्यात तोच एप्रन खिडकीची फळी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिला टेकवून ठेवलेला मी पाहिलाय. कुशाबाई नुसत्या लुगड्यावर पोरं धरायची, जानकू काचेमागून बटण दाबायचा, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुढं जानकू गावी भावाबरोबर शेती करायला गेला आणि गणपती उठल्यावर त्याच्या जागी तेजस्विनी आली. निमगाव सावाची शेतकऱ्याची पोर, पुण्याला शिकलेली. अंगानं काटकुळी, आवाज मात्र चावडीवरच्या कर्ण्याएवढा. आल्या आल्या तिनं काय करावं? त्या एप्रनचाच एक्सरे काढला. आम्ही हसलो. मग तिनं पडद्यावर दाखवलं. तळं आटल्यावर जमीन फुटते तशा त्यात भेगाच भेगा.

"घडी घातली की आतलं शिसं मोडतं," ती म्हणाली. "वरून दिसतं चांगलं, पण आत चाळण झालीय."

डॉक्टरांनी नवे एप्रन आणले. ते तिनं जाड दांडीवर शर्टासारखे टांगले आणि घडी घालणाऱ्याचा हात मोडीन अशी तंबी दिली. मी म्हटलं, मोडा, प्लास्टर मी घालतो.

मग तिची नजर एक्सरेच्या हौशी लोकांवर गेली. आमच्याकडं भिका म्हणून एक म्हातारा यायचा. गुडघा दुखला की म्हणायचा, "काढा एक फोटू, म्हंजी बरं वाटंल." जानकूच्या काळात डॉक्टरांच्या मागं लागून तो काढूनही घ्यायचा. तेजस्विनीनं त्याला बाकावर बसवलं, जुना एक्सरे उजेडाला धरून दाखवला आणि सांगितलं, "आजोबा, हे औषध न्हाई. गरज असंल तेव्हा एकदाच, नीट काढायचा." भिका फणकारला, पण ऐकलं. मला ती पोरगी आवडायला लागली.

आणि मग ती कुशाबाईशी बोलली.

ओतूरहून आलेलं एक पोर टेबलावर आडवं होतं. कुशाबाई नेहमीसारखी पुढं झाली. तेजस्विनीनं तिला दारातच थांबवलं, पोराच्या बापाला एप्रन घातला, पोराला कसं धरायचं ते दाखवलं आणि काम उरकलं. पोर थोडं रडलं, पण एक्सरे चांगला आला. मग तिनं कुशाबाईला बाजूला घेतलं. मी चहा पीत तिथंच उभा होतो.

"मावशी, आजपासून तुमी धरायचं न्हाई."

"का गं? माझ्या हातानं काय वाईट झालं?"

"तुमच्या हातानं न्हाई, तुमच्या अंगाला. हे किरण दिसत न्हाईत, त्यांचा वास येत न्हाई, पण अंगात शिरतात. पोराला लागतात ते त्याच्या फायद्यासाठी, एकदाच, आणि थोडेच. बापालाही एकदाच. तुमाला मात्र रोज, आणि फायदा काय? काहीच न्हाई. ज्याला गरज न्हाई त्यानं आत थांबूच नये. थांबावंच लागलं तर थोडा वेळ, लांब, आणि शिशाच्या आड."

लांब म्हणजे काय हेही तिनं सांगितलं. शेकोटीपासून दोन पावलं मागं सरलं की धग किती कमी होते, तसं. कुशाबाईनं मान हलवली. मेंढपाळाच्या पोरीला शेकोटी शिकवायला नको. ती एवढंच म्हणाली, "बरं बाई, तू शिकलेली," आणि फडकं घेऊन निघून गेली. तिला फार लागलं हे मला दिसत होतं. मी मनात तेजस्विनीवर चिडलो. कुणाचा मान असा उभ्या उभ्या काढून घ्यायचा असतो का?

मान परत मिळायची वेळ लवकरच आली. दसऱ्याच्या सुमारास घाटाखाली एक पिकअप उलटली. टोमॅटो तोडायला निघालेल्या बाया होत्या तिच्यात. जखमी आले आणि त्यांच्यामागं सगळी वाडी आली. वॉर्डात मुंगी शिरायला जागा नाही. दोघीतिघींना हलवण्यासारखं नव्हतं, म्हणून तेजस्विनीनं चाकांचं मशीन त्यांच्या खाटेपाशी आणलं आणि ओरडली, "सगळे मागं सरा!" कोण ऐकतंय? जो तो आपलं माणूस बघायला पुढं घुसतोय.

कुशाबाईनं दोन्ही हात पसरले आणि घशातून एक लांब, खर्जातली हाळी दिली. मेंढरं वळवायची हाळी. शप्पथ सांगतो, अख्खी गर्दी वळली. ती कडेकडेनं चालत राहिली आणि माणसं तिच्यापुढं चालत व्हरांड्यात गेली. आपण हाकलले गेलोय हे त्यांना कळलंही नाही. आत खाटेवरच्या बाया आणि एप्रन घातलेली तेजस्विनी एवढ्याच उरल्या. एक्सरे झाला की तेजस्विनी हात वर करायची आणि कुशाबाई दोघाचौघांना आत सोडायची.

"मावशी, हे तुमचं काम," तेजस्विनी संध्याकाळी म्हणाली. "मशीन चालू असताना माणसं लांब ठेवणं." कुशाबाई हसली. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. तिच्या घरी काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आताच सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखेच येडे ठराल.

कुशाबाईचं घर गावाबाहेरच्या वाडीत. नवरा भिमा अजून थोडी मेंढरं राखतो, मुलगा भरत टेम्पो चालवतो, सून सुप्रिया आणि चार वर्षांची नात प्राची. ही प्राची म्हणजे कुशाबाईचा जीव. संध्याकाळी आजी वळणावर दिसली की पोरगी धावत सुटायची आणि आजीच्या कडेवर बसूनच घरात शिरायची. जेवायलाही आजीच्या ताटात.

तेजस्विनीनं सांगितलं त्या दिवशी पोरगी अशीच धावत आली, आणि कुशाबाईनं तिला लांबूनच अडवलं. "शिवू नको मला." ती मागच्या दारानं गेली, टाकीपाशी अंगावर पाणी घेतलं, लुगडं वेगळ्या दोरीवर टाकलं आणि ओसरीवर बसली. ताट वेगळं घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच, आणि मग रोजच. सुट्टीच्या दिवशीही ती पोरीला जवळ घेईना.

तिचंही चुकलं असं म्हणवत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीशी कसं वागायचं याची तिला एकच रीत ठाऊक होती. तिच्या आईच्या काळी कावळा शिवला की बाई बाहेर बसायची. मयताला जाऊन आलं की अंघोळ करूनच उंबरा ओलांडायचा. किरण दिसत नाहीत, पण अंगात शिरतात. इतकी वर्षं ती शेकडो पोरांबरोबर त्या किरणांत उभी राहिली होती. म्हणजे अंगात किती शिरले असतील! ते आपल्या अंगातून प्राचीला लागू नयेत, म्हणून ती विटाळ पाळत होती. त्यात दिवाळीच्या आधी सुप्रियाला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, मग तर ती सुनेच्या सावलीलाही उभी राहीना.

बाकी सगळे विटाळ संपतात. कुठला चार दिवसांनी, कुठला दहा. हा कधी संपतो ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि विटाळाबद्दल कुणी चारचौघांत विचारतं का? तो फक्त पाळायचा असतो. घरात कुणाला काही न सांगता ती नातीला रोज लांबून बघत होती आणि आतल्या आत झुरत होती. दवाखान्यात तिनं चहाचा कप वेगळा केला तेव्हा मी म्हटलं होतं, "काय मावशी, सर्दी झाली का?" इतकीच माझी अक्कल.

होळी झाल्यावर एका दुपारी सुप्रिया रिक्षातून उतरली. पोट पुढं आलेलं, कडेवर प्राची, आणि प्राचीचा उजवा हात मनगटाच्या वर वाकडा. रिकाम्या कांदाचाळीवर चढली होती आणि पडली. भरत भाडं घेऊन वाशीला, भिमा मेंढरांमागं रानात. डॉक्टरांनी हात पाहिला, दुखायचं औषध दिलं आणि एक्सरे सांगितला.

तेजस्विनीनं आधी कुणालाच आत न घेता करून पाहिलं. प्राचीला टेबलावर बसवलं, हाताशी वाळूची पिशवी लावली, काचेमागून आईला बोलायला लावलं. पोरगी किंचाळत उठून उभी राहिली. सुप्रिया म्हणाली, "मी धरते."

"तुमी न्हाई ताई. पोटातल्या बाळाला उगीच कशाला?"

मी म्हटलं, "मग मी धरतो."

"भाऊ, आज तुमी धरलं की उद्यापासून सगळे तुमालाच बोलवतील. घरचं माणूस दारात उभं असताना तुमी कशाला?" ती दाराकडं वळली. "मावशी, या. आज तुमी इथल्या न्हाई, पोरीच्या आजी आहात. एप्रन घालून एकदा धरायला काही हरकत न्हाई."

कुशाबाई दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होती. चेहरा राखेसारखा झालेला. "मी न्हाई शिवनार तिला," ती म्हणाली.

प्राची "आजी, आजी" करून हात पसरत होती, तो एक चांगला हात. आजी मागं सरली. आणि सुप्रियाचा बांध फुटला.

"बगा! बगा तुमीच! दसऱ्याच्या आदीपास्नं आत्यांनी पोरीला कडंवर घेतलं न्हाई. माझ्या हातचं वाढून घेत न्हाईत. आत्या, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"तुझं काय बी चुकलं न्हाई गं पोरी." कुशाबाईचा आवाज फाटला. "माझ्या अंगात ती किरनं हायेत. इतकी वरसं धरली पोरं. ह्या तेजस्विनीनंच सांगितलं, अंगात शिरत्यात म्हनून. ती हिला लागली तर? तुझ्या पोटातल्याला लागली तर?"

तेजस्विनीचा तो कर्ण्याचा आवाज एकदम खाली आला.

"मावशी, मी तुमाला अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "शिरतात हे सांगितलं, राहत न्हाईत हे सांगायचं राहिलं. बटण दाबलं की किरण असतात, सोडलं की संपले. दिवा मालवल्यावर उजेड लुगड्याला चिकटून घरी येतो का?"

"उजेड डोळ्याला दिसतो," कुशाबाई म्हणाली. "गेला की कळतं. हे येताना दिसत न्हाई, मग गेलं ते कसं कळायचं?"

तेजस्विनीनं एक्सरेची कॅसेट काढली, म्हणजे ती चपटी पाटी, जिच्यावर चित्र उमटतं. मला म्हणाली, "भाऊ, पोरीच्या हाताला पुठ्ठ्याचा आधार बांधा तोवर." मी प्राचीला बाहेर बाकावर आणलं. तेजस्विनीनं कॅसेटवर स्वतःची किल्ली ठेवली, सगळ्यांना बाहेर काढून बटण दाबलं आणि कॅसेट वाचायच्या यंत्रात घातली. पडद्यावर किल्ली उमटली, दातेसुद्धा मोजून घ्यावेत अशी.

"बगा. जरा किरण लागले तरी ही पाटी बोलते, आणि यंत्रानं वाचली की पुसून कोरी होते. आता हिच्यावर तुमचे दोन्ही हात ठेवा. ज्या हातांनी पोरं धरली तेच."

कुशाबाईनं हात ठेवले. देवापुढं ठेवावेत तसे, बोटं जुळवून. मी पुठ्ठा बांधत होतो, पण माझं सगळं लक्ष आत होतं. पुठ्ठ्याची शेवटची गाठ मारली तरी तिनं हात उचलले नव्हते. मग तेजस्विनीनं कॅसेट घेतली आणि यंत्रात सरकवली. आम्ही सगळे पडद्यापुढं गोळा झालो.

पडदा कोरा होता.

"काहीच न्हाई?" कुशाबाईनं विचारलं.

"काहीच न्हाई. इतक्या वर्षांत तुमाला स्वतःला किती लागले ते कुणी मापलंच न्हाई, म्हणून ते मी सांगू शकत न्हाई. फार नसावेत. जे लागले त्याचा काही त्रास असलाच तर तो तुमच्यापुरता. पण तुमच्यातून दुसऱ्याला काही जात न्हाई. कधीच जात नव्हतं, मावशी."

कुशाबाईनं आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. मग एकदम वळली आणि म्हणाली, "आन ते जड आंगडं."

तेजस्विनीनं तिला एप्रन घातला, मागून बंद बांधले, सुप्रियाला काचेमागं नेलं. कुशाबाई टेबलाशी बसली. प्राचीला बुडावर बसवलं, पाठ पोटाला टेकवली, हनुवटीखाली तळहात दिला. पोरगीनं मान वर करून आजीकडं पाहिलं, खात्री केली, आणि डोकं मागं टाकून दिलं. "हुर्र," कुशाबाई म्हणाली. "हुर्र." मोडका हात पाटीवर पडून राहिला. काचेमागून बारीक टकटक आवाज आला.

"झालं," तेजस्विनी म्हणाली. "संपलं. आता खोलीत काही न्हाई."

पहिल्याच फटक्यात एक्सरे स्वच्छ आला. डॉक्टरांनी हाड बसवलं, मी प्लास्टर घातलं. तेवढा सगळा वेळ प्राची आजीच्या मांडीवर होती आणि मी काही तिला उठवायला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला प्लास्टर नीट दिसतही नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्यावर तेजस्विनी अजून मला चिडवते. आता ती दर नव्या माणसाला आत काय होतं ते सांगते आणि शेवटी न विसरता सांगते की बटण सोडलं की संपतं. कुशाबाई दारात उभी राहून आयांना पोरं कशी धरायची ते शिकवते आणि मग स्वतः बाहेर येते.

त्या संध्याकाळचं सुप्रियानं मला पुढं प्लास्टर काढायला आली तेव्हा सांगितलं. रिक्षा वाडीत थांबली. कुशाबाई प्राचीला कडेवर घेऊन उतरली, टाकीकडं न वळता पुढच्या दारानं सरळ आत गेली. जेवायला सगळे बसले. प्राचीचा उजवा हात गळ्यात बांधलेला, तेव्हा तिला भरवणं भाग होतं. सुप्रियानं दोघींना मिळून एकच ताट वाढलं आणि सासूपुढं ठेवलं. कुशाबाईनं भात कालवला आणि पहिला घास नातीच्या तोंडात घातला.